आधी डोके पाहावे

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी भाषेत काही शब्दांच्या वाट्याला विनाकारण वनवास आला आहे. ‘हजामत’ हा त्यांतलाच एक. एखाद्याची फसगत झाली, की त्याची ‘बिनपाण्याने हजामत’ झाली म्हणायचे. रिकामटेकड्या माणसाला ‘काय हजामती करतोस?’ असे विचारायचे. आणि गणित चुकणाऱ्या मुलाला गुरुजींनी बजावायचे, ‘शिकला नाहीस तर हजामती कराव्या लागतील.’ हे शेवटचे वाक्य मी स्वतः वर्गात बसून ऐकलेले आहे. ते मला उद्देशून नव्हते, माझ्या शेजाऱ्याला होते. परंतु वर्गातील चाळीस डोकी वळली ती माझ्याकडे. कारण माझ्या वडिलांचे एस. टी. स्टँडसमोर केशकर्तनालय आहे. त्या चाळीसांपैकी निदान पंचवीस डोकी अण्णांच्याच हाताखालून गेलेली होती. गुरुजींचेसुद्धा.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. त्यामुळे नातेवाइकांच्या दृष्टीने माझी ‘सुटका’ झालेली आहे. लग्नकार्यात भेटणारे मामा पाठीवर हात ठेवून म्हणतात, “बरं झालं बाबा, तुझ्या हातातली कातर सुटली.” त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. दिवसभर उभे राहून सुजलेले पाय त्यांनी घरोघरी पाहिले आहेत. परंतु कातर सुटणे म्हणजे सुटका, हे मला मान्य नाही. आणि का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. केस कापणे हे हातांचे काम होण्याआधी डोळ्यांचे काम आहे, त्याला बुद्धी लागते, आणि आपण शिकली-सवरलेली माणसे दर महिन्याला त्या खुर्चीत बसूनही ते पाहत नाही, असे माझे म्हणणे आहे.

अण्णांच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसले, अंगावर कापड आले, की पहिली दोन मिनिटे कात्री वाजत नाही. नवख्या माणसाला वाटते, मालक कामचुकार दिसतो. ते केसांतून नुसता कंगवा फिरवत असतात, एकदा मागे, एकदा पुढे, एकदा बाजूला. आणि मधूनच आरशातून तोंडाकडे पाहतात. या दोन मिनिटांत काय काय पाहायचे असते, ते त्यांनी मला कधी एका दमात सांगितले नाही. शेजारी उभे राहून मी ते हळूहळू गोळा केले. डोक्यावर भोवरा कुठे आहे, एक आहे की दोन, आणि तो कोणत्या बाजूला फिरतो. भोवऱ्यावरचे केस फार आखूड केले, की ते उभे राहतात. मग पाणी लावा, तेल लावा, बसत नाहीत. तिथे थोडी लांबी जास्त ठेवावी लागते, म्हणजे केस स्वतःच्या वजनाने पडतो. मानेवरचे केस खाली वाढतात की उलटे वर चढतात. कपाळाच्या कोपऱ्यांतून ते मागे हटू लागले आहेत काय. डोके मागे सपाट आहे की फुगीर. सपाट असेल तर तिथे केस थोडे जास्त राखायचे, म्हणजे ते गोल दिसते. जुन्या जखमेचा व्रण असेल तर तो झाकायचा. आणि कान! माणसाचे दोन कान एका उंचीवर असतातच असे नाही. कानाला धरून कल्ले मोजले तर एक वर आणि एक खाली जातो. म्हणून कल्ल्यांचे माप समोरून, आरशात पाहून, डोळ्यांच्या रेषेवर घ्यायचे. आपापल्या कानांची खात्री वाचकांनी घरी जाऊन करून घ्यावी.

मग प्रश्न सुरू होतात. भांग कोणत्या बाजूला पाडता? टोपी घालता का? रानात काम की खुर्चीवर? टोपी घालणाऱ्याचे केस दिवसभर दबलेले राहणार, त्याला वर फुगवटा ठेवून उपयोग काय! मोटारसायकलवर रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला पुढची झुलपे ठेवली, तर ती हेल्मेटमधून कपाळावर चिकटून येतात. “आदी डोस्कं बघ, मग कातर उचल,” एवढाच अण्णांचा मला उपदेश. बाकीचे सगळे त्यातच आले, असे त्यांचे मत.

आता हातांविषयी. कात्री धरायची ती अंगठा आणि अनामिका यांत. एक पाते जागचे हलता कामा नये. हलायचा तो फक्त अंगठा. ऐकायला हे सोपे वाटते. मी आठवीच्या सुट्टीत दोन महिने रिकामी कात्री हवेत चालवली, तेव्हा कुठे बाकीची बोटे स्वस्थ राहायला शिकली. पुढे फुग्याला साबणाचा फेस लावून त्यावर वस्तरा. फुगा फुटला की अण्णा काही बोलत नसत, दुसरा फुगा देत. कंगव्यावरून कात्री चालवायला त्यानंतर बरेच दिवस गेले. कंगवा मानेकडून वर सरकत जातो आणि त्याच्या दात्यांतून बाहेर डोकावतील तेवढेच केस कात्री घेते. कंगव्याचा कोन जरासा बदलला की केसांत पायरी पडते. आखूड केसांतून लांब केसांत जाताना अशी पायरी दिसता कामा नये, ही या धंद्यातील खरी परीक्षा. मशीनने हेच काम करायचे तर एक नंबरची फणी साधारण तीन मिलिमीटर केस ठेवते, दोन नंबरची सहा. या दोहोंच्या मधली जागा मात्र नुसती फणी भरून देत नाही. ती माणसाच्या मनगटानेच भरावी लागते.

कमी कापणे हे जास्त कापण्यापेक्षा अवघड असते, हेही मी तिथेच पाहिले. ओला केस ताणला जातो आणि लांब दिसतो. वाळला की आखडतो. म्हणून ओल्या केसांवर कात्री चालवताना थोडी लांबी पदरात ठेवावी लागते, कुरळ्या केसांत तर अधिकच. जो कारागीर ओल्या केसांवरच अगदी मापात कापतो, त्याचे गिऱ्हाईक घरी जाऊन बायकोची बोलणी खाते.

आपल्याकडे एखादी गोष्ट साहेबाने सांगितली म्हणजे लवकर पटते, म्हणून लंडनचे एक उदाहरण देतो. विडाल ससून (१९२८-२०१२) नावाचा एक केशकर्तनकार तिथे होऊन गेला. नाव ऐकून पुण्याच्या रुग्णालयाची आठवण होईल. परंतु हा गृहस्थ गरिबीत वाढला. लहानपणीची काही वर्षे त्याने अनाथाश्रमात काढली आणि चौदाव्या वर्षी व्हाइटचॅपल भागातील एका दुकानात उमेदवारीला लागला. १९५४ साली बाँड स्ट्रीटवर त्याने स्वतःचे दुकान काढले. त्या काळी तिकडच्या स्त्रिया दर आठवड्याला दुकानात जात, केसांना रोलर लावून गरम हवेच्या टोपाखाली बसत आणि वर फवारा मारून केसांचा मनोरा रचून घेत. ससूनचे म्हणणे असे, की आकार हा कापण्यातच असला पाहिजे, फवाऱ्यात नव्हे. चेहऱ्याची हाडे पाहून आणि केस जसा वाढतो तसा त्याला वाव देऊन कापले, तर बाईने केस धुऊन नुसती मान झटकली तरी ते आपापल्या जागी येऊन बसावेत. आधुनिक वास्तुकलेचा त्याच्यावर परिणाम होता आणि १९६० नंतरच्या दहा वर्षांत त्याचे ते भूमितीसारखे कट जगभर गाजले. नोकरीवर जाणाऱ्या स्त्रियांचे दर आठवड्याचे तास त्यामुळे वाचले, ही गोष्ट मला त्याच्या प्रसिद्धीपेक्षा मोठी वाटते.

अण्णांनी या ससूनचे नाव ऐकलेले नाही. परंतु त्यांच्या हातचे केस सकाळी पाण्याचा हात फिरवून नुसते विंचरले की बसतात, हे आमच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. त्यांपैकी एक निवृत्त तलाठी आहेत. मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून ते पेन्शनच्या कामाला म्हणून इकडे येतात आणि केस कापून जातात. पेन्शन आता बँकेत परस्पर जमा होते, हे त्यांनाही माहीत आहे आणि अण्णांनाही.

केस राखण्याच्या बाबतीत आपल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींत काही समजुती घट्ट बसलेल्या आहेत, त्यांचाही विचार केला पाहिजे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तो वाढतो मुळाशी, कातडीच्या आत. बाहेर दिसतो तो भाग निर्जीव असतो. त्यामुळे टोके कापल्याने केस भराभर वाढतो किंवा वस्तरा फिरवल्याने दाट होतो, हे खरे नाही. कापलेल्याचे मूळाला कळणार कसे? वस्तऱ्यानंतरचा खुंट जाड भासतो, कारण त्याचे निमुळते टोक गेलेले असते. मग मुलींनी टोके कापावीत कशाला? माझ्या बहिणीची वेणी कमरेपर्यंत आहे. तिला मी एकदा हिशेब करून दाखवला, की या वेणीचे शेवटचे चार बोटे केस तू प्राथमिक शाळेत असतानाचे आहेत. पाच-सहा वर्षांचे ऊन, वारा, फणी आणि रबर त्यांनी सोसले आहे. ते टोकाला फाटतात, आणि फाटलेला केस जगातले कोणतेही तेल सांधू शकत नाही. तो वर वर फाटत जाऊन अर्ध्यातून तुटतो. दोन-तीन महिन्यांनी बोटभर टोक काढले तर वाढलेले टिकते, एवढाच त्याचा उपयोग. बहिणीला हिशेब पटला. आईला अजून पटलेला नाही.

मुलांचा हिशेब निराळा. समजा, कानांमागचे केस एक सेंटिमीटर आहेत आणि वरचे दहा. महिन्याभरात दोन्ही एकेक सेंटिमीटरने वाढले. वरच्यांत एक दशांश भर पडली, डोळ्यांना कळलीही नाही. कानांमागचे मात्र दुप्पट झाले. म्हणूनच माणूस आधी कानांभोवती आणि मानेवर गबाळा दिसू लागतो, आणि कंटाळून सगळेच बारीक करून टाकतो. वास्तविक तीन आठवड्यांनी मान आणि कान तेवढे साफ करून घेतले, तर वरच्यांना दोन महिने हात लावण्याचे कारण नाही. अण्णा हे काम दहा मिनिटांत करतात आणि निम्मे पैसे घेतात. पण ते मागायला फारसे कोणी येत नाही. आपल्याला एकदम वाढवायचे आणि एकदम उतरवायचे, अशीच सवय आहे. अभ्यासाचेही तेच, पण तो विषय नको.

आता मोबाइलचा प्रश्न. हल्ली दुकानात येणारा प्रत्येक तरुण फोटो घेऊन येतो. कोणी क्रिकेटपटूचा, कोणी नटाचा. फोटो आणण्यात वाईट काही नाही. नुसते “मिडीयम करा” म्हणण्यापेक्षा ते बरे, कारण मिडीयम म्हणजे किती हे आजवर कोणी सांगितलेले नाही. अडचण एवढीच, की फोटोतला भोवरा आणि आपला भोवरा एक नसतो. अण्णा अशा वेळी सांगून पाहतात. “बाळ, तुझे केस पातळ हायती, हे असं उभं नाही राहायचं.” दहांपैकी आठ जण ऐकत नाहीत. त्यांना समोरच्या नव्या दुकानात जसाच्या तसा कट मिळतो, आणि तीन दिवसांनी, पहिल्या अंघोळीतली जेल धुऊन गेली की, ते टोपी घालून वर्गात बसतात. तरीसुद्धा नव्या मुलांच्या कामाला मी नावे ठेवणार नाही. कातडीपासून वर चढत जाणारा तो ‘फेड’ नीट काढणे सोपे नाही. मानेवर धुरासारखी छटा यावी आणि कुठे रेघ दिसू नये, याला मनगट लागते. समोरच्या दुकानातील बावीस वर्षांचा कारागीर तो आमच्यापेक्षा चांगला काढतो, हे अण्णा स्वतः म्हणतात. माझी तक्रार यंत्राविषयी नाही, घाईविषयी आहे. पाच मिनिटांत एक डोके उरकायचे ठरवले, की पहिली दोन मिनिटे आधी जातात.

ती दोन मिनिटे गेल्यावर काय होते, हे आपण सर्वांनी एकदा भोगलेले आहे. २०२० च्या टाळेबंदीत मार्च अखेरीपासून जून अखेरीपर्यंत महाराष्ट्रातील दुकाने बंद होती. उघडली तेव्हाही पहिल्यांदा केस कापण्याची परवानगी मिळाली, दाढीची नव्हे. त्या तीन महिन्यांत घरोघरी बायकांनी नवऱ्यांचे आणि बापांनी पोरांचे केस कापले. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरात तीन महिने मिळकत नव्हती, हे एक. आणि जुलैत दुकानात आलेली ती डोकी, हे दुसरे! कोणाच्या मागे चार पायऱ्या, कोणाच्या कानावर खळगा. अण्णांनी कोणाला हसून दाखवले नाही. “वाढू द्या पंधरा दिवस, मग आकार देतो,” म्हणून त्यांनी कितीतरी जणांना पैसे न घेता परत पाठवले. घरात पैशांची चणचण असताना ते परत पाठवत होते, म्हणून आई चिडली होती. तिचेही चूक नव्हते.

स्वतःचे केस स्वतः कापण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महात्मा गांधींचे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे एका इंग्रज न्हाव्याने त्यांचे केस कापायला तिरस्काराने नकार दिला. तेव्हा त्यांनी मशीन विकत आणले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले. न्यायालयातील मित्र हसले. हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. मला त्यातले पुढचे जास्त महत्त्वाचे वाटते. त्या न्हाव्याला त्यांनी दोष दिला नाही, कारण आपल्या देशातील न्हावी तरी अस्पृश्य बांधवांचे केस कुठे कापतात, असा प्रश्न त्यांना पडला.

आणि त्याचे उत्तर दुसऱ्या एका आत्मकथनात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्यातील बालपणाविषयी लिहिले आहे. साताऱ्यात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती. तरी कोणी हात लावत नसे, म्हणून भावंडांचे केस थोरली बहीण कापत असे आणि कापून कापून तिचा हात तयार झाला होता. ग्रंथालयात बसून हे वाचताना मला त्या बहिणीचा हात दिसला. अंगठा तेवढा हलतो आहे, बाकीची बोटे स्वस्थ. तिला कोणी शिकवले नव्हते. कात्री नाकारणारे हात मात्र आमच्याच जातीचे होते. आमच्या समाजाच्या सभांतून संत सेना महाराजांचे नाव निघते, शिवा काशीद आणि जिवा महाला यांचे निघते, ते निघायलाच हवे. ही गोष्टही निघाली पाहिजे. बलुतेदारीत न्हावी स्वतः गावाच्या दाराशी उभा राहून सुगीचे धान्य मागत होता, आणि तरीही गावकुसाबाहेर तो धोकटी घेऊन जात नव्हता. गेला असता तर वाड्यावरचे काम तुटले असते, हे खरे. पण ते कारण मी त्या बहिणीला सांगू शकणार नाही.

याच धंद्याने एकदा निराळा नकारही दिला होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. त्यात त्यांचे पैसे बुडणार होते. ज्या डोक्यावर वस्तरा फिरवायचा, त्या डोक्याच्या मालकिणीची इच्छा काय आहे, हा प्रश्न शास्त्रीपंडितांच्या आधी वस्तरा धरणाऱ्याला पडावा, यात मला आश्चर्य वाटत नाही. तो तिच्या सर्वांत जवळ उभा होता.

आज आमच्या दुकानात कोणाचीही जात विचारली जात नाही. खुर्च्या दोन, टॉवेल सर्वांना धुतलेला, पाते प्रत्येकाला नवे. अण्णांनी दुकान काढले तेव्हापासून हे असेच आहे. गावातील बलुते सोडून तालुक्याला येण्यामागे हेही एक कारण होते, असे आजी सांगते. अण्णा त्यावर बोलत नाहीत.

मग मामांचे म्हणणे उरते. ते म्हणतात, बी. ए. होऊन पुन्हा तेच करायचे, तर शिकलास कशाला? मला हा प्रश्न उलटा वाटतो. डॉक्टरच्या मुलाने डॉक्टर व्हावे यात कोणाला कमीपणा दिसत नाही. हेच काम शहरात काचेच्या दाराआड, गार हवेत होऊ लागले, की ते करणाऱ्याला ‘हेअर स्टायलिस्ट’ म्हणतात आणि आमच्या दसपट पैसे आनंदाने मोजतात. तिथे भांडवल दुसऱ्याचे, आणि पगारावर उभी राहणारी मुले पुष्कळदा आमचीच. आम्ही लाजून दुकाने सोडायची आणि त्यांनी ती चालवायची, हा व्यवहार मला समजत नाही. मी पदवी घेणार आहे. इतिहास विषय घेऊन पुढेही शिकायची इच्छा आहे. संध्याकाळी पाच ते नऊ दुकानात उभा राहतो, तेही चालू ठेवणार आहे. उद्या नोकरी लागली तर लागली. कात्री मात्र मी टाकून देणार नाही, कारण ती शिकायला मला इंग्रजीच्या व्याकरणापेक्षा जास्त दिवस लागले आहेत.

माझ्या मित्रांना एवढेच सांगणे, की खुर्चीत बसल्यावर मोबाइल खिशात ठेवावा. त्यात पाहताना मान खाली जाते आणि मानेवरची रेषा तिरपी येते. मग दोष कात्रीवर येतो. रोज केस कसे विंचरता ते आल्याबरोबर सांगावे. तेल लावून येऊ नये. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आठवडाभर आधी यावे. श्रावणात बरेच जण केस कापत नाहीत, तेव्हा अण्णा अगदी मोकळे असतात आणि वाटेल तेवढा वेळ देतात. सोमवारी दुकान बंद असते.